अभिजात गिटारचे पॉलिश व अंतिम जोडणी

हाताने घडवलेल्या अभिजात (स्पॅनिश) गिटारचा खोका आणि मान एकसंध झाल्यानंतर पॉलिश, ब्रिज बसवणे व तारा चढवणे ही कामे केली जातात. वाद्य दिसायला पूर्ण झालेले असले, तरी त्याचा आवाज या टप्प्यावरही बिघडू शकतो. स्प्रूस किंवा सीडार लाकडाची वरची फळी साधारणतः २ ते २.५ मिमी जाडीची असते आणि तिच्या कंपनांवरच आवाज प्रामुख्याने अवलंबून असतो. आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ व कडा पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार तयार केली होती. वरच्या फळीचे महत्त्व दाखवणे हा तिचा हेतू मानला जातो. जाड थर दिल्यास या फळीचे वजन वाढते व कंपने दबतात.

फ्रेंच पॉलिश

म्हणूनच अनेक कारागीर आजही फ्रेंच पॉलिश पसंत करतात. त्यासाठी लागणारी चपडा लाख लाखेच्या किड्यांपासून मिळते. झारखंड व छत्तीसगड हे तिचे प्रमुख उत्पादक प्रदेश आहेत. पाठीच्या व कडांच्या शिसवी लाकडाची रंध्रे उघडी असल्याने ती आधी प्यूमिसच्या बारीक पुडीने भरून घेतात. स्प्रूसला त्याची गरज नसते. नंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लोकरीवर सुती कापड गुंडाळलेल्या बोळ्याने वर्तुळाकार व आठच्या आकड्यासारख्या हालचालींनी लावतात. बोळा घसरता राहावा म्हणून तेलाचा थेंब पुरतो. बोळा क्षणभर जरी थांबला, तरी स्पिरिटमुळे खालचा थर विरघळून डाग उमटतो. एका बैठकीत नाममात्रच थर चढत असल्याने हे काम कित्येक दिवस चालते.

हे पॉलिश घाम, उष्णता व मद्यार्क यांपुढे टिकत नाही, हा त्याचा मोठा दोष होय. मात्र नवी लाख जुन्या थरात मिसळून जात असल्याने दुरुस्ती सोपी असते.

जोडणी

ब्रिज चिकटवण्याच्या जागी पॉलिश राहू देत नाहीत, कारण सरस उघड्या लाकडालाच धरतो. नटपासून सॅडलपर्यंतचे अंतर बहुधा ६५० मिमी असते. बाराव्या फ्रेटवर दाबताना तार किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून सॅडल सुमारे २ मिमी मागे ठेवतात. येथे झालेली चूक महागात पडते. ब्रिज उखडताना फळीचे तंतूही निघू शकतात.

हाडाचे नट व सॅडल कानशीने घासून तारांची उंची ठरवतात. बाराव्या फ्रेटवर ती खर्जाच्या बाजूस सुमारे ४ मिमी व तार स्वरांच्या बाजूस ३ मिमी ठेवण्याची पद्धत आहे. सहा नायलॉन तारांचा एकत्रित ताण ४० किलोग्रॅमच्या आसपास असल्याने ब्रिजमागील फळी किंचित फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. त्यामुळे सॅडल सुरुवातीला थोडे उंचच ठेवतात व काही दिवसांनी पुन्हा घासतात.