चार मेगाबाइटची तालीम

दोन लढवय्ये, त्यांच्या डोक्यावर ऊर्जेची एकेक पट्टी आणि मोजक्या सेकंदांची फेरी एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला फायटिंग गेम हा व्हिडिओ गेमचा प्रकार आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात, वाढला. घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर तो दीर्घकाळ पाहुण्यासारखा आला आणि येताना सामानाचा बराच भाग मागे ठेवून आला. मागे काय ठेवायचे हा निर्णय खेळाच्या जिवाशी कसा भिडत असे, हे 1994 ते 2000 या काळातील सेगा सॅटर्न या जपानी कन्सोलवर जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

या प्रकाराला व्याकरण मिळाले ते कॅपकॉमच्या 1991 मधील ‘स्ट्रीट फायटर 2’ या खेळाने. सहा बटणे, कांडीच्या ठरावीक हालचालींतून निघणारे विशेष डाव आणि एका फटक्याला दुसरा जोडून प्रतिस्पर्ध्याला सावरू न देणारी साखळी, म्हणजे ‘कॉम्बो’, ही त्याची मुख्य अंगे होत. त्यांपैकी कॉम्बो तर निर्मात्यांनी आखलेलाच नव्हता, तो चाचणीच्या वेळी नजरेस पडला आणि तसाच राहू दिला गेला. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमवर 1992 मध्ये आलेली त्याची घरगुती आवृत्ती 16 मेगाबिट, म्हणजे 2 मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेली होती. आकृत्या लहान झाल्या, काही आवाज आणि हालचाली गळाल्या, तरी तिच्या 60 लाखांहून अधिक प्रती खपल्या, कारण गाभा शाबूत होता. एसएनके या कंपनीने 1990 मध्ये याच अडचणीवर धनिकांचा उपाय काढला होता: तिच्या निओ जिओ या घरगुती यंत्रात आर्केडचेच अंतरंग होते, किंमत सुमारे 650 डॉलर आणि एकेका खेळाचे कार्ट्रिज 200 डॉलरच्या आसपास. ज्याला ते परवडले त्याच्यापुरता प्रश्न संपला. बाकीच्यांसाठी तो पुढच्या पिढीच्या सीडीवर चालणाऱ्या यंत्रांनी नव्याने उभा केला.

नव्याने म्हणण्याचे कारण असे, की कार्ट्रिजमधील चित्रे यंत्राला हवी त्या क्षणी थेट वाचता येत, तर सीडीवरची आधी रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, आणून ठेवावी लागत. सीडीवर 600 मेगाबाइटहून अधिक मजकूर मावे. सॅटर्नचा दुप्पट गतीचा सीडी ड्राइव्ह मात्र सेकंदाला 300 किलोबाइटच्या आसपासच वाचू शके. कोठीत वर्षाचे धान्य भरलेले असावे आणि ओट्यावर जेमतेम दोन डबे मावावेत, तशी ही अवस्था होती. सॅटर्नची मुख्य रॅम 2 मेगाबाइट होती आणि चित्रांसाठीच्या वेगळ्या दीड मेगाबाइटपैकी हलत्या आकृत्यांच्या, म्हणजे ‘स्प्राइट’च्या, वाट्याला साधारण अर्धा मेगाबाइटच येई.

हा ओटा किती अपुरा होता ते एका ढोबळ गणितावरून समजते. रुंदी-उंचीला 128 ठिपके आणि 16 रंग असलेले एक चित्र 8 किलोबाइट जागा घेते. एका लढवय्याच्या चालण्या-उडण्या-पडण्याची अशी 300 चित्रे धरली तर सुमारे 2.3 मेगाबाइट होतात, आणि कुस्तीला तर दोघे लागतात. दाबून साठवण्याच्या युक्त्या वापरूनही चित्रे गाळणे भागच पडे, आणि इथेच एक सूक्ष्म हानी होत असे. फायटिंग गेममधील प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: तो सुटण्यापूर्वीची तयारी, लागू शकण्याचा काळ आणि नंतर सावरण्याचा काळ, हे सारे सेकंदाच्या साठाव्या भागात, म्हणजे ‘फ्रेम’मध्ये, मोजले जाते. चित्रे गाळली तरी हे अंतर्गत घड्याळ बदलत नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याचा खांदा किंचित मागे गेला हे ज्या चित्रातून कळायचे तेच नाहीसे झाले, तर बचाव करणाऱ्याला डाव ओळखायला उशीर होतो. तालमीतला वस्ताद समोरच्याच्या पायाची हालचाल वाचायला शिकवतो; इथे ती हालचालच पुसली जात होती. म्हणून चित्रांच्या संख्येवरून होणाऱ्या वादांना निव्वळ शौकिनांचा हट्ट मानणे चुकीचे ठरेल.

सॅटर्नविषयीचे रूढ मत प्रतिकूल आहे. हिताचीचे दोन एसएच-2 प्रोसेसर आणि व्हीडीपी1 व व्हीडीपी2 या दोन चित्रचिप यांची मोट बांधणे प्रोग्रॅमरांना जड जाई आणि त्रिमितीय खेळांत सोनीचे प्लेस्टेशन सरस ठरे, हा आक्षेप खराच आहे. मात्र सेगाच्याच एएम2 विभागाने 1995 च्या अखेरीस आणलेल्या ‘व्हर्च्युआ फायटर 2’ने या रचनेचे मर्म दाखवले: लढवय्ये एका चिपने, जमीन आणि क्षितिज दुसरीने रंगवले, आर्केडमधील त्रिमितीय देखावे सपाट केले, प्रकाशछाया सोडून दिली आणि त्या बदल्यात 704 गुणिले 448 ठिपक्यांचा रेखीव पडदा सेकंदाला 60 फ्रेमच्या गतीने चालवला. नेपथ्य गेले तरी चालेल, नटांची लय जाता कामा नये, असा हा स्पष्ट पक्ष होता, आणि तो योग्यच होता.

सपाट, हाताने रेखाटलेल्या खेळांना सॅटर्नची हीच घडण अधिक मानवली. पारदर्शक छायांच्या जागी ठिपक्यांची जाळी दाखवावी लागे, पण जुन्या टीव्हीच्या धूसर पडद्यावर तीही बरीचशी मिसळून जाई. उणीव रॅमचीच होती, आणि ती भरून निघाली यंत्राच्या माथ्यावरील कार्ट्रिजच्या खाचेतून. ‘किंग ऑफ फायटर्स 95’ च्या 1996 मधील आवृत्तीसोबत चित्रे कायमची कोरलेले एक रॉम कार्ट्रिज आले, जे दुसऱ्या कोणत्याही खेळाला निरुपयोगी होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 1 मेगाबाइटचे वाढीव रॅम कार्ट्रिज आले, जे अनेक खेळांना वापरता येई. आणि नोव्हेंबर 1997 मध्ये कॅपकॉमच्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’बरोबर 4 मेगाबाइटचे आले. या तीन पायऱ्यांतील शेवटची निर्णायक ठरली.

‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’मध्ये प्रत्येक खेळाडूकडे दोन लढवय्ये असतात आणि फेरी चालू असतानाच एकाला मागे घेऊन दुसऱ्याला आत उतरवता येते, म्हणजे चौघांची चित्रे एकाच वेळी हाताशी हवीत. सॅटर्नवर ते साधले आणि आर्केडशी तुलना करताना बोट ठेवावे असे फारसे काही उरले नाही. प्लेस्टेशनच्या 1998 मधील आवृत्तीत ही अदलाबदलच काढून टाकावी लागली, जोडीदार फक्त मदतीच्या फटक्यापुरता येऊ लागला, आणि दोन्ही बाजूंना तेच दोघे लढवय्ये असतील तरच अदलाबदल करू देणारी एक पळवाट ठेवली गेली. या पळवाटेत सगळा हिशेब उघडा पडतो, कारण चौघांच्या जागी दोघांचीच चित्रे स्मृतीत ठेवण्याची ती युक्ती आहे. ज्या खेळाचे नावच जोड्यांच्या सामन्यावर उभे आहे त्यातून जोडी वजा करणे ही चित्रे गाळण्याहून फार मोठी कापणी होती.

त्याच वर्षी सॅटर्नवर वजाबाकीची जागा बेरजेने घेतली. ‘व्हॅम्पायर सेव्हियर’ या फायटिंग गेमच्या आर्केड आवृत्तीतून वगळलेली डोनोव्हन, फोबोस आणि पायरॉन ही जुनी पात्रे 1998 मधील सॅटर्न आवृत्तीत परत आली, म्हणजे घरच्या पंगतीत दालनापेक्षा अधिक वाढले गेले. मात्र तोवर अमेरिका आणि युरोपात सेगाने सॅटर्नचा गाशा जवळपास गुंडाळला होता आणि 4 मेगाबाइटचे कार्ट्रिज जपानबाहेर अधिकृतपणे कधीच विकले गेले नाही. प्लेस्टेशनची कापलेली आवृत्ती ज्यांनी पाहिली त्यांच्या तुलनेत सॅटर्नची पूर्ण आवृत्ती पाहिलेले लोक थोडे होते, आणि यंत्राची अपकीर्ती प्रामुख्याने जपानबाहेरच्या लेखनातून पसरली हे पाहता या अज्ञानाचा त्या मतात मोठा वाटा असणार.

‘स्ट्रीट फायटर झीरो 3’ सॅटर्नवर ऑगस्ट 1999 मध्ये पोहोचला, तेव्हा सेगाचे पुढचे यंत्र ड्रीमकास्ट बाजारात येऊन आठ महिने उलटले होते. कॅपकॉमने सॅटर्नसाठी काढलेला शेवटचा खेळ मार्च 2000 मधील ‘फायनल फाइट रिव्हेंज’ होय. तोही 4 मेगाबाइटच्या कार्ट्रिजवाचून चालत नाही, आणि तो कंपनीच्या अमेरिकेतील स्टुडिओने घडवलेला, संपूर्ण त्रिमितीय खेळ आहे.