गलबल्यातील सूर: चिनी श्रवणाभ्यासाचा मागोवा

चिनी भाषेतील सुरांचे शास्त्र आणि अनेक माणसे एकाच वेळी बोलत असता त्यांपैकी एकाचेच बोलणे कान कसे वेचून घेतो या प्रश्नाचे शास्त्र, हे दोन अभ्यास कितीतरी दशके परस्परांची दखल न घेता चालले होते. लिऊ फू या विद्वानाने पॅरिसमध्ये यंत्राच्या साहाय्याने सुरांचे आलेख काढून १९२५ साली त्यावर प्रबंध सादर केला, आणि १९३० साली युएन रेन चाओ यांनी आवाजाच्या उंचीच्या पाच पायऱ्या कल्पून प्रत्येक सुराची चाल अंकांत बांधून दिली. ‘माय्’ हे एकच अक्षर खाली जाऊन वर वळणाऱ्या तिसऱ्या सुरात ‘विकत घेणे’ होते, आणि वरून कोसळणाऱ्या चौथ्या सुरात ‘विकणे’. आपल्या मराठीत सुराने बोलणाऱ्याची वृत्ती कळते, तेथे व्यवहारच उलटतो.

१९५३ साली कॉलिन चेरी यांनी दोन कानांत दोन निराळे मजकूर सोडून त्यांतला एकच ऐकता ऐकता मोठ्याने म्हणावयास लावले, तेव्हा दुर्लक्षित कानातली इंग्रजी मध्येच जर्मन झाली तरी ऐकणाऱ्यास पत्ता लागत नसे. परंतु पुरुषाच्या जागी स्त्रीचा आवाज आला, की तो बदल बहुधा ध्यानी येई. आवाजाची उंची ही बोलणाऱ्यांना अलग ओळखण्याची मोठीच खूण आहे, आणि चिनी भाषेत शब्दाचा अर्थही त्याच खुणेच्या हवाली केलेला आहे. एकाच कारकुनाने दोन दप्तरे सांभाळावीत, तशी ही अवस्था.

म्हणूनच पेकिंग विद्यापीठात ली लिआंग, वू शीहोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. व्याकरणशुद्ध पण निरर्थक अशी चिनी वाक्ये, म्हणजे अंदाजाने पुढचा शब्द हेरण्याची सोयच नाही. तीच वाक्ये दोन ध्वनिक्षेपकांतून अवघ्या ३ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने सोडली, की आवाज आधी बोललेल्या बाजूनेच येत आहे असा कानाचा ग्रह होतो. इष्ट वाक्य एका बाजूचे आणि व्यत्यय दुसऱ्या बाजूचा, एवढा ग्रह झाला तरी आकलन सुधारते. आणि व्यत्यय नुसत्या खरखरीचा नसून माणसांच्या बोलण्याचा असेल, तेव्हा हा लाभ अधिक होतो. पुढे २००७ साली त्याच परिसरातून असेही दाखविले गेले, की बोलणाऱ्याचा आवाज आधी कानावरून गेला असेल, तर मागाहून गलबल्यातही तो हाती लागतो.

२०१० साली पटेल, शू आणि वांग यांनी चिनी वाक्यांतील सुरांचे चढउतारच सपाट करून टाकले. शांततेत ती वाक्ये जवळजवळ पूर्ण समजली, कारण संदर्भाने उणीव भरून काढली. पार्श्वभूमीला आवाज येताच मात्र आकलन पुष्कळच ढासळले. हा निष्कर्ष सर्वांत जिव्हारी लागतो तो कर्णशंकूत विद्युत्-यंत्र बसविलेल्या चिनी बालकांच्या बाबतीत: ते यंत्र सुरांची उंची अगदीच ढोबळपणे पोचविते, त्यामुळे शिक्षिकेशी समोरासमोर नीट बोलणारे मूल घरच्या जेवणाच्या वेळी सारे एकदम बोलू लागले, की मागे पडते, आणि यंत्रविशारदांपुढील ते प्रकरण अद्यापि निकालात निघालेले नाही.