कशासाठी हवंय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी फडताळाच्या वरच्या खणात पितळेची एक नळी असायची. करंगळीएवढी जाड, चार बोटं लांब. अम्मा तिच्यात शिवणाच्या सुया ठेवायची आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायची. ही रायफलीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मामूंनी ती नैरोबीहून आणली होती.

कोकणातली आमच्यासारखी कितीतरी मुसलमान कुटुंबं पोटासाठी पूर्व आफ्रिकेत गेली. आमचे मामू तिथे शिकारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात नोकरीला होते. १९७७ साली केनियाच्या सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि मामू गावी परतले. पुढे पावसाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी त्यांनी मला काडतुसांचं शास्त्र सांगितलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. बंदूक कधी हातात धरली नाही, धरायची हौसही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला, हे चांगलंच झालं. तरीही हा विषय मला सांगावासा वाटतो. का, ते शेवटी येईल.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागे राहते. आपण बोलताना काडतुसालाच गोळी म्हणतो, पण जनावरापर्यंत पोचते ती फक्त पुढची गोळी. सगळी निवड तिचीच असते.

आफ्रिकेत पाच जनावरं शिकाऱ्याच्या जिवावर उठणारी मानली जातात : हत्ती, गेंडा, रानरेडा म्हणजे केप बफेलो, सिंह आणि बिबट्या. या पाचांचं शरीर एकसारखं नाही. गोंधळ सुरू होतो तो इथूनच.

हत्तीचं डोकं केवढं मोठं! पण आतला मेंदू चार-पाच किलोंचा, आणि तोही खूप मागे दडलेला. त्याच्या पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखं पोकळ्या-पोकळ्यांचं हाड. समोरून मारलेल्या गोळीला दीड-दोन फूट हाड फोडत सरळ जावं लागतं. ती वाटेत वाकली, फुटली किंवा तिरकी झाली, तर हत्ती जखमी होतो, मरत नाही. म्हणून हत्तीसाठी ‘सॉलिड’ म्हणजे कडक गोळी लागते. पूर्वी ती शिशाच्या गाभ्यावर पोलादी कवच चढवून बनवत. आता अखंड पितळेची किंवा तांब्याची असते. तिचं टोक गोल किंवा चपटं ठेवतात. टोकदार गोळी हवेत छान जाते, पण हाडामांसात शिरली की कोलमडते. चपटी आपली सरळ रेषा धरून राहते.

सिंह-बिबट्यांचं नेमकं उलट. कातडी पातळ, हाडं त्या मानाने हलकी. तिथे कडक गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर अंगावर येण्याइतकं जिवंत राहतं. म्हणून तिथे मऊ नाकाची गोळी. तिच्या टोकाचं शिसं उघडं असतं. शरीरात शिरताच ते अळंबीसारखं उमलतं, जखम रुंद होते, जनावर लवकर कोसळतं. या उमलणाऱ्या गोळीचं एक नाव आपल्या मातीतून जगभर गेलं आहे : दमदम. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात १८९० च्या दशकात लष्करासाठी अशी गोळी तयार झाली. तिच्या जखमा इतक्या भयंकर की १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात तिचा वापर करू नये असं ठरलं. माणसावर निषिद्ध ठरलेली गोळी शिकारीत मात्र योग्य मानली जाते. कारण जनावराला तडफडत ठेवण्यापेक्षा झटकन मारणं कमी क्रूर.

सगळ्यात अवघड रानरेडा. वजन सातशे-आठशे किलो, खांद्याची हाडं जाड आणि राग धरणारा स्वभाव. त्याच्यासाठी कडक गोळी वापरावी, तर कळपात ती एकातून निघून मागच्या दुसऱ्यालाही लागण्याची भीती. मऊ वापरावी, तर खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होण्याची भीती. म्हणून अनुभवी शिकारी पहिली गोळी मऊ पण मजबूत बांधणीची भरतात आणि त्यानंतरच्या सगळ्या कडक. जखमी रेडा पळू लागला की पाठमोऱ्या धुडातून छातीपर्यंत पोचायला कडक गोळीच हवी.

आता वजनाची गोष्ट. आमच्या फडताळातली पुंगळी होती .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची. हे काडतूस १९१२ साली निघालं आणि आजही चालतं. .३७५ म्हणजे इंचाचा हिशेब, सुमारे साडेनऊ मिलिमीटरचा बोअर. या एकाच काडतुसात पूर्वी तीन वजनांच्या गोळ्या मिळत : २३५, २७० आणि ३०० ग्रेनच्या. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. २३५ ग्रेनची हलकी गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते, ३०० ची जड गोळी सुमारे ७६० मीटरने. दोन्हींची ऊर्जा काढून पाहा. जवळजवळ सारखीच येते, साडेपाच हजार ज्यूलच्या आसपास. गिऱ्हाईक पेटीवरचा हा आकडा बघतं आणि म्हणतं, दोन्ही एकच की! पण हलकी मऊ गोळी त्या वेगाने हाडावर आदळली की फुटते आणि सगळी ऊर्जा कातडीजवळच उधळते. जड गोळी तीच ऊर्जा आत खोलवर नेते. हलकी गोळी हरणांसाठी, उघड्या माळावर लांबून मारण्यासाठी. जड गोळी झुडपात समोर उभ्या असलेल्या रेड्यासाठी. बोअर एक, ऊर्जा एक, काम वेगळं.

मग गोळी जितकी मोठी तितकी चांगली का? तसंही नाही. .४७० च्या दुनळी रायफलीची ५०० ग्रेनची गोळी हत्तीला थोपवते खरी, पण तिचा धक्का खांद्याला असा बसतो की सवय नसलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. नेम तिथेच चुकतो. उलट उदाहरण वॉल्टर बेल यांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले. आज तो आकडा ऐकून अंगावर काटा येतो. त्यांतले बहुतेक मारले ते अवघ्या सात मिलिमीटरच्या रायफलीने. तीच .२७५ रिग्बी. आपल्या जिम कॉर्बेटनाही १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल याच बोअरची रायफल भेट मिळाली होती. बेल यांचं रहस्य दोन गोष्टींत होतं : लांब, कडक, न वाकणारी गोळी आणि हत्तीच्या कवट्या कापून केलेला मेंदूच्या जागेचा अभ्यास. पण बेल हजारांत एखादा. थरथरणाऱ्या हाताचं काय? आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा ठरवली आहे. कायदा सामान्य माणसाचा हात धरून चालतो.

उष्णतेचाही विचार करावा लागे. जुनी कॉर्डाइट दारू कडक उन्हात तापली की दाब वाढायचा, पुंगळी नळीत चिकटून बसायची आणि दुसरं काडतूस भरता यायचं नाही. समोर रेडा असताना! म्हणून आफ्रिका-हिंदुस्थानसाठीच्या काडतुसांच्या पुंगळ्या मुद्दाम ऐसपैस ठेवत, म्हणजे दाब बेताचा राही.

हे सगळं मामूंना पाठ होतं. तरीही एके दिवशी चूक झाली.

ओळखीचा एक मळेवाला साहेब घाईत दुकानात आला. त्याला .३७५ ची काडतुसं हवी होती. ३०० ग्रेनच्या पेट्या संपल्या होत्या. साहेब म्हणाला, “.३७५ आहे ना? मग दे जी असेल ती.” मामूंनी २३५ ची मऊ गोळ्यांची पेटी काढून दिली. कशासाठी हवंय, हे विचारलं नाही. गिऱ्हाईक मोठं, वेळ दुकान बंद करायची.

साहेबाने रानरेड्याच्या खांद्यावर गोळी झाडली. ती हाडावर फुटली. रेडा उंच गवतात शिरला. नियम असा की जखमी जनावर सोडून यायचं नाही, म्हणून माग काढत जावं लागलं. अशा वेळी सगळ्यात पुढे चालतो माग काढणारा. त्याची नजर जमिनीवर असते, हातात बंदूक नसते. कांबा जमातीचा तो माणूस साहेबाबरोबर कितीदा दुकानात आलेला, मामूंच्या हातचा चहा प्यायलेला. रेडा गवतात दबा धरून होता.

काही दिवसांनी साहेब उरलेली पेटी परत करायला आला. काही बोलला नाही. पेटीत एक पुंगळी रिकामी होती. मामूंनी पैसे परत दिले आणि ती पुंगळी खिशात टाकली.

गावी आल्यावर मामूंनी नाक्यावर लोखंडी सामानाचं छोटं दुकान घातलं. पावशेर खिळे मागायला कुणी आलं, तरी आधी विचारायचे, “कशासाठी हवेत?” कौलाला, होडीला की खाटेला? लोक वैतागायचे. म्हणायचे, “चाचा, खिळे द्या ना, चौकशी कशाला?” मामू हात थांबवून उत्तराची वाट बघत बसायचे. उत्तर मिळाल्याशिवाय तराजू उचलायचे नाहीत.

अम्माला ही हकिगत त्यांनी कधीच सांगितली नाही. ती शेवटपर्यंत त्या पुंगळीतून सुई काढून आमची बटणं लावत राहिली.