बिशप, क्वेकर आणि फळ्यावरची आडवी रेघ

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळेत शिकलेल्या जुन्या पिढीतल्या कुणाला इंग्रजीच्या तासाबद्दल विचारा, तो बहुधा रेघांबद्दल बोलेल. वहीच्या पानावर सर्वांत वर ‘जे. एम. जे.’ ही अक्षरे लिहायची – जीझस, मेरी, जोसेफ. आपण ‘श्री’ लिहीत होतो तसेच. मग एक आडवी रेघ. तिच्यावर कर्ता, तिला आरपार छेदणारी उभी रेघ, पुढे क्रियापद. कर्म आले तर त्याच्या आधीही उभी रेघ, पण ती आडव्या रेघेखाली उतरू द्यायची नाही. विशेषणे आणि क्रियाविशेषणे खालच्या तिरक्या रेघांवर. शब्द कोणत्या रेघेवर बसतो हे सांगता आले नाही, तर वाक्य कळलेच नाही असा शिकवणाऱ्या सिस्टरांचा हिशेब.

ही पद्धत मात्र चर्चची नव्हे. ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधल्या अलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ साली ‘हायर लेसन्स इन इंग्लिश’ या पुस्तकात ती मांडली. अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या शाळांत ती चालली. पुढे सरकारी शाळांतून ती बरीचशी गेली; ख्रिस्ती शाळांनी धरून ठेवली. तसे व्हावे यात नवल नाही, कारण इंग्रजी व्याकरण आणि धर्म यांचा घरोबा फार जुना आहे.

रॉबर्ट लाउथ हे धर्मगुरू, पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी १७६२ साली छोटेखानी व्याकरण लिहिले आणि तळटीपांत मोठमोठ्यांची हजेरी घेतली. शेक्सपिअर, मिल्टन तर झालेच, पण बायबलच्या इंग्रजी भाषांतरातल्या चुकाही बिशपमहाशयांनी काढल्या. दोन नकार मिळून होकार होतो हा शाळेत घोटून घेतला जाणारा नियम लाउथ यांच्या व्याकरणातूनही पुढच्या पुस्तकांत गेला.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाची तऱ्हा आणखी वेगळी. एकाच माणसाला आदरार्थी अनेकवचनाने हाक मारणे म्हणजे खुशामत, असे मानून ते लहानथोर सर्वांना एकवचनातच संबोधत. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी १६६० साली दोन सहकाऱ्यांसह एकवचन-अनेकवचनावर आख्खे पुस्तक काढले. सर्वनामासाठी समाजाचा रोष ओढवून घेणारे हे लोक, तेव्हा इंग्रजीचे सर्वांत खपलेले व्याकरण त्यांच्यातल्याच एकाने लिहावे हे शोभून दिसते.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ मध्ये पेनसिल्व्हेनियात झाला. न्यूयॉर्कमध्ये वकिली आणि व्यापार करून ते प्रकृतीसाठी इंग्लंडला आले आणि यॉर्कजवळ होलगेटला राहिले. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे चालणे-फिरणे जवळजवळ थांबलेले. यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची शाळा होती. तिथल्या शिक्षिकांच्या गरजेपोटी मरे यांनी व्याकरण लिहिले. ते १७९५ मध्ये छापले गेले. कोवळ्या मनावर वाईट परिणाम करील असे एकही उदाहरण येऊ नये, याची काळजी त्यांनी घेतली. म्हणजे मुलगी कर्ता-क्रियापद शिकता शिकता संयम, दया, देवभक्तीही शिकणार. दोन वर्षांनी त्यांचे स्वाध्यायाचे पुस्तक आले. त्यात चुकीची वाक्ये दिलेली, ती शुद्ध करायची. आपल्या प्रश्नपत्रिकांतल्या ‘वाक्य शुद्ध करून लिहा’चे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मुलींच्या एका लहानशा शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक अटलांटिकच्या दोन्ही काठांवर लाखोंनी खपले आणि मुंबईतही पोचले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा मरे यांचा आराखडा त्यांच्यासमोर होता. शाळेत आपण शब्दांचे ‘व्याकरण चालवले’, त्यात यॉर्कच्या त्या मुलींचाही थोडा वाटा आहे.

आता उलटी बाजू. १९६३ साली अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने सांगितले की, नुसते औपचारिक व्याकरण शिकवून मुलांचे लेखन सुधारत नाही. लेखनाच्या सरावाचा वेळ ते खाते म्हणून नुकसानही होऊ शकते. १९८५ मध्ये परिषदेने लेखनापासून तोडलेल्या व्याकरण-कवायतीविरुद्ध ठराव केला. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची अबेका ही प्रकाशनसंस्था किंवा केंटकीतली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची रॉड अँड स्टाफ यांची पुस्तके मात्र आजही रेघांनी भरलेली असतात. ख्रिस्ती शाळांत आणि घरीच मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांत ती चालतात. रॉड अँड स्टाफच्या वाक्यांत बायबल असते आणि शेतीवाडीही. वरच्या इयत्तांत व्याकरणाच्या प्रकरणांबरोबर लेखनाची प्रकरणेही येतात: आराखडा, परिच्छेद, पत्र.

मला अहवालाचा आक्षेप मान्य आहे, पण तो अर्धाच ऐकला गेला. नुकसानाची तक्रार वेळेची होती. व्याकरणाने लेखनाचा तास पळवू नये, एवढेच. रेघांची आकृती मुलाला लिहायला शिकवत नाही. मात्र लांबलेले वाक्य नेमके कुठे मोडले ते ती डोळ्यांना दाखवते, आणि हे काम नियम पाठ करून होत नाही. तिचा खरा दोष वेगळा आहे. ती पुस्तकातल्या निर्दोष, सोज्वळ वाक्यांवर चालवली जाते, मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवर नाही.

आपल्याकडच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी म्हणूनच एक करून पाहावे. मुलाच्या निबंधातले एखादे फसलेले वाक्य, नाव न घेता, फळ्यावर घ्यावे आणि त्याखाली ही आडवी रेघ ओढावी. त्याला नवे पुस्तक लागत नाही, खडू पुरतो.