माघार घेणारा तर्क

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडकडे निघालो की 'पुढे रस्ता आहे ना?' असे मी कुणाला विचारत नाही. महामार्ग आहे म्हणजे वाट आहे, हे गृहीतच असते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री याच महामार्गावर, महाडजवळ, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल आहे ही तोवर प्रत्येक चालकाची रास्त समजूत होती. ती मागे घ्यायला एकच बातमी पुरेशी होती; पण ती वेळेवर पोचायला हवी होती.

शाळेतल्या भूमितीत असे होत नाही. एकदा सिद्ध झालेले प्रमेय नव्या माहितीने कोसळत नाही. ज्ञान वाढते, निष्कर्षही वाढतात. व्यवहारात मात्र ज्ञान वाढले की काही निष्कर्ष सोडून द्यावे लागतात. अशा तर्काला 'नॉन-मोनोटोनिक' म्हणतात. मी त्याला माघार घेणारा तर्क म्हणतो. १९८०मध्ये रेमंड रायटर आणि जॉन मॅकार्थी यांनी त्याची गणिती मांडणी केली. आपल्याला ही कल्पना परकी नाही. पाणिनीच्या व्याकरणपरंपरेत सामान्य नियम तो उत्सर्ग, आणि त्याला बाजूला सारणारा तो अपवाद.

आता न्यूरल नेटवर्ककडे येऊ. त्यातली एक पेशी म्हणजे आकड्यांची बेरीज करणारी छोटी यंत्रणा. बेरीज १च्या वर गेली की ती 'जा' म्हणते, नाहीतर 'थांब'. 'महामार्ग आहे' या माहितीला +२ वजन देऊ. बेरीज २, उत्तर 'जा'. 'पूल पडला' याला −३. दोन्ही मिळून −१, उत्तर 'थांब'. 'नवा पूल झाला' याला +३. बेरीज पुन्हा २, उत्तर 'जा'. आधीची कोणतीही माहिती पुसली नाही, फक्त भर घातली, तरी निष्कर्ष दोनदा उलटला. ऋण वजन हाच इथला अपवाद. १९९१मध्ये ख्रिश्चन बाल्केनियस आणि पीटर गार्डेनफोर्स यांनी दाखवले, की नेटवर्क ज्या स्थिर अवस्थेत येऊन थांबते तिला निष्कर्ष मानले, तर त्याचे अनुमान याच माघार घेणाऱ्या तर्काचे ठरते.

मग दोन्ही एकच का? नाही. वरची वजने मी हाताने लिहिली. प्रत्यक्षात नेटवर्क ती उदाहरणांवरून शिकते. हजारो फेऱ्यांच्या नोंदींत पूल शाबूतच असेल, तर ते −३ येणार कुठून? नेहमीचे ते पक्के शिकते. क्वचित घडणारे निसटते. तर्कशास्त्रात अपवाद एका ओळीत लिहिता येतो, तो घडण्याआधीच. शिवाय माघार का घेतली, कोणत्या नियमावर कोणता अपवाद वरचढ ठरला, हेही तिथे सांगता येते. वजनांच्या गर्दीत ते शोधावे लागते. म्हणूनच दोन्ही पद्धती एकत्र बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत: नेटवर्कने अनुभवातून शिकावे, आणि लिहिलेल्या अपवादाने त्याला अडवावे.

पावसाळ्यात वीरला उतरलो की आता मी विचारतो, 'पाणी कुठवर आलंय?' बहुतेक वेळा उत्तर येते, 'काही नाही, जा खुशाल.' तरी विचारतो. अपवाद रोज घडत नाही. म्हणूनच तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.