आठ दाते, त्रेचाळीस दाते

उसाचा हंगाम सुरू झाला की मुरगुडातून जाणाऱ्या निपाणी–राधानगरी रस्त्यावर घटकाभर कान देऊन उभं राहावं. कुठली गाडी भरलेली आणि कुठली रिकामी, हे डोळे मिटूनही कळतं. बिद्रीचा साखर कारखाना जवळ, हमीदवाड्याचाही जवळ. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचा आवाज जड होतो, पण लय सुटत नाही. त्याच्यामागून एखादी वीस-पंचवीस वर्षांची जीप किंवा पिकअप ट्रॉली जोडून येते आणि त्याच चढावर तिचा जीव घुसमटतो. तिसरा गिअर झेपत नाही, दुसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतं, आणि वर पोहोचेपर्यंत क्लचचा करपट वास सुटतो. मालक म्हणतो, "इंजिनात दमच ऱ्हायला न्हाई."

पुष्कळदा दम असतो. तो खर्च कसा व्हायचा, हे मात्र मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या भोपळ्याएवढ्या लोखंडी गोळ्यात ठरतं. त्या गोळ्यात क्राऊन-पिनियन असतं.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक. ते क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं आणि क्राऊनच्या जोरावर रस्त्यावरची चाकं फिरतात. पिनियनला 8 दाते आणि क्राऊनला 43 असतील, तर शाफ्टचे 5.38 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. हाच त्या गाडीचा रेशो. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी. लहान आकड्याचं याच्या उलट.

हा 5.38 उगाच घेतलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा रेशो 4.88 होता: 39 दात्यांचं क्राऊन, 8 दात्यांचं पिनियन. युद्ध संपलं आणि 1945 साली विलिज कंपनीने तीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली. मागे फळी पाडायची सोय झाली आणि अ‍ॅक्सलमध्ये क्राऊनचे चार दाते वाढून रेशो 5.38 झाला. सैनिकाला पळायचं होतं, शेतकऱ्याला नांगर आणि गाडा ओढायचा होता. पुढे महिंद्रने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि जीप आपल्याकडच्या गावोगावी पोहोचली. नंतरच्या वर्षांत डांबरी रस्ते आले, डिझेल इंजिनं आली, लोकांना वेग हवासा झाला, तसे पळाऊ रेशोही आले. म्हणून जुनी गाडी घेताना बॉनेटवरच्या नावावरून रेशोचा अंदाज बांधू नये. मधल्या मालकाने कुठल्या भंगारातलं अ‍ॅक्सल बसवलं असेल, कोण सांगणार?

त्यापेक्षा मोजून घ्यावं. बाकीच्या चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टलाच धरतो, तो सोडायचा. चाकावर आणि शाफ्टवर खडूची एकेक रेघ मारायची आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोनदा फिरवायचं. शाफ्ट सव्वाचार फेरे फिरला तर रेशो 4.27च्या आसपास, पाच फेरे होऊन वर थोडा, तर 5.38. चाक दोनदा का फिरवायचं? दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे दोन चाकांत फेरे वाटून देणारं डिफरन्शियल मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतं.

समजा 4.27 निघाला आणि मालकाला 5.38 हवा आहे. म्हणजे चाकावरची ओढ जवळजवळ सव्वापट. आता किंमत पाहू. टायर 28 इंच उंचीचा असेल, तर टॉप गिअरला ताशी 60 किलोमीटरवर इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे 1,900 फेरे फिरत होतं; आता 2,400 फिरेल. जुन्या संथ डिझेलला हे दिवसभर सोसणार नाही. त्यातून टायरचा प्रश्न. 28 इंचांच्या जागी 30 इंची टायर चढवले की ओढ सात टक्क्यांनी आपोआप घटते. कित्येक गाड्यांचं दुखणं एवढंच असतं: रुबाबासाठी टायर मोठे केले आणि चढावर रडल्या. तिथे जुन्या मापाचे टायर आणले तरी निम्मं काम होतं.

म्हणून चांगला मिस्त्री पाना उचलायच्या आधी विचारतो, "पाव्हणं, काय वढायचं हाय? आन् कुठंवर?" रानातून कारखान्यापर्यंत दहा-पंधरा किलोमीटर ट्रॉली न्यायची असेल तर मोठा रेशो शोभतो. आठवड्यातून एकदा फोंडा घाट उतरून कोकणात आणि एरवी कोल्हापूरला रिकामी फेरी, असं असेल तर मधला बरा. गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तोच रेशो हवा. नाहीतर डांबरावर फोर-व्हील टाकताच दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि कुठला तरी शाफ्ट मोडतो.

खरी कसोटी बसवण्यात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन असा संसार टिकत नाही. पिनियन क्राऊनच्या मध्याच्या जरा खाली बसतं, त्यामुळे दाते नुसते लोळत नाहीत, घसरतातही. या रचनेला हायपॉइड म्हणतात. 1920च्या दशकात अमेरिकेच्या ग्लीसन कंपनीने ती मोटारींसाठी पुढे आणली. घसरण्याचा ताण सोसेल असं दाबाचं नव्वद नंबर ऑइलच त्यात घालावं लागतं.

मग शेंदूर येतो. म्हसोबाला लावतात तसाच, तेलात कालवलेला. मिस्त्री ब्रशने क्राऊनच्या सात-आठ दात्यांवर तो लावतो, क्राऊनला फडक्याने थोडं अडवून धरतो आणि पिनियन फिरवतो. दात्यांवर बदामी ठसा उमटतो. ठसा मधोमध आला तर जोडी जमली. दात्याच्या बुडाशी गेला तर पिनियन फार आत आहे, त्याच्यामागची शिम, म्हणजे पत्र्याची पातळ चकती, काढा. टोकाशी चढला तर बाहेर आहे, शिम घाला. दोघांमधली मोकळीक 0.15 ते 0.2 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी. ती कमी राहिली तर गिअर तापून जळतात, जास्त राहिली तर घाव बसत राहतात. ठसा पाहायचा, सगळं उचकटायचं, शिम बदलायची, पुन्हा शेंदूर. असं चार-पाच वेळा होतं. जो पहिल्याच ठशावर झाकण लावतो, त्याची गाडी महिनाभरात रस्त्यावर हूऽऽ करत घुमते.

झाकण लागलं तरी लगेच ट्रॉली जोडायची नाही. पहिले 25-30 किलोमीटर रिकामी, मग गोळा गार होऊ द्यायचा. सात-आठशे किलोमीटरनंतर ऑइल बदलायचं, त्यात लोखंडाचा बारीक चुरा निघतो. आणि ओढ वाढली म्हणून ब्रेक वाढत नाही. चढ जिंकलेली गाडी उतारावर त्याच जुन्या ड्रमब्रेकच्या भरवशावर असते. आरसी बुकात लिहिलेलं वजनही दाते बदलून बदलत नाही.

काम झाल्यावर मालक गाडी बाहेर काढतो, चढावर तिसऱ्या गिअरला ती न कुरकुरता जाते, तो खुशीत परत येतो. "मिस्त्री, झकास! आन् पळतीयाबी पन्नासनं."

मिस्त्री हात पुसत हसतो. जीपचा वेगाचा काटा शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. दाते बदलल्यावर काट्यावर पन्नास दिसतात तेव्हा गाडी खरी चाळीसनेच चाललेली असते. काट्याच्या काचेवर तो खडूने 40 लिहून देतो.