यूवाचून अडलेला क्यू

दिवाळीच्या सुटीत दिवेआगरला आप्तांच्या घरी उतरलो असता, ज्या ओटीवर आमच्या बालपणी गाण्यांच्या भेंड्यांचे फड रात्री उशिरापर्यंत रंगत, त्याच ओटीवर यंदा स्क्रॅबलचा पट मांडलेला दिसला, आणि एफ, ए, आय, आर व क्यू एवढ्या पाच सोंगट्या पुढ्यात घेऊन बसलेली नात मला म्हणाली, “आजोबा, ‘फेअर’ होतोय, पण क्यू अडलाय. यू एकही उरला नाही.” डाव संपताना हातात राहिलेल्या सोंगटीचे गुण वजा होतात, म्हणून हे अडणे दहा गुणांना पडणार होते.

अक्षराचे मोल असे ठरविण्याची तजवीज आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाची. १९३० नंतरच्या मंदीत काम गेल्यावर त्याने वृत्तपत्राच्या पानांवरील अक्षरे एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने मोजली, आणि जे अक्षर विपुल ते स्वस्त व जे दुर्मीळ ते महाग, हा पेठेचाच न्याय खेळास लावला. शंभर सोंगट्यांपैकी ईच्या बारा, आणि तिचा गुण एक. क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी, आणि गुण दहा. एस हे अक्षर इंग्रजीत मुबलक असूनही त्याच्या चारच सोंगट्या ठेविल्या, कारण कोणत्याही नामास एस चिकटवून अनेकवचन करण्याची सरसकट मुभा मिळती, तर बुद्धीला कष्टच उरले नसते. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने या खेळास ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले.

हाती आलेल्या अक्षरांतून शब्द काढण्याची जाणत्या खेळाडूंची पहिली युक्ती अशी की, अक्षरे प्रथम वर्णानुक्रमाने लावावीत. ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’ आणि ‘टिन्सेल’ हे अर्थाने परस्परांस सर्वस्वी परके असलेले शब्द त्या क्रमाने मांडले की ई, आय, एल, एन, एस, टी या एकाच ओळीत येतात. आणि ती ओळ ज्याच्या स्मरणात आहे, त्यास चारही शब्द एकदम आठवतात. यंत्राच्या साहाय्याने शब्द शोधणारेही बहुधा हाच क्रम वापरतात. परंतु क्यूसारख्या हट्टी अक्षरापुढे केवळ क्रम लावून भागत नाही. तेथे त्याची वंशावळच पाहावी लागते.

जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी आणि डब्ल्यू या अक्षरांनी लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांचा अंमल बसल्यानंतर लेखनिकांनी फ्रेंच शिरस्त्याप्रमाणे तेथे क्यू-यू ही जोडी आणिली, आणि तेव्हापासून ती वहिवाट अभंग राहिली. म्हणून ज्या शब्दात क्यू आहे पण मागे यू नाही, तो शब्द इंग्रजीच्या घरचा नसून पाहुणा आहे, असे बहुधा समजावे. चिनी परंपरेतील प्राणशक्तीचा वाचक असा ‘ची’ हा दोन अक्षरी शब्द सोडला, तर या पाहुण्यांतील मोठा समुदाय अरबी-फारसी मुलुखातला आहे. घशाच्या मुळातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘काफ’ या वर्णासाठी रोमन लिपीत विद्वानांनी क्यू योजिला, आणि तलाक, नकाब, काझी, कव्वाली हे शब्द क्यूसह इंग्रजी कोशांत आले.

आणि हे शब्द आपणांस कोणी शिकवावयास हवेत काय? तोच काफ आपल्या दप्तरात कायदा, कलम, किल्ला, हक्क आणि तालुका यांच्या रूपाने शतकानुशतके नांदत आहे. फरक एवढाच की, मराठीने त्याचे घशातले मूळ विसरून त्यास साध्या ‘क’मध्ये सामावून घेतले, आणि ‘बुरख्या’त तर त्याचा ‘ख’ करून टाकिला. जेची कथाही अशीच. अस्सल इंग्रजी शब्दाच्या अंती जे येत नाही, परंतु राज, ताज आणि स्वराज हे तिन्ही शब्द पटावर चालतात. झेडसाठी जिल्हा आणि जमीनदार हजर आहेत. शेजारच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याने ज्या पदास कीर्ती मिळवून दिली, तो ‘पेशवा’ही कॉलिन्सच्या शब्दसूचीत सापडतो, दिवेआगर मात्र तेथे चालणार नाही, कारण विशेषनामांस मज्जाव आहे.

मराठीची अडचण निराळी आहे. इंग्रजीत क्यूला सोबत लागते. आपल्याकडे ‘ळ’ला आणि ‘ण’ला सोबतीची नव्हे, तर स्थानाची अट आहे. हे वर्ण शब्दाच्या मध्ये आणि अंती हवे तितके येतात, पण आरंभी येत नाहीत. म्हणूनच भेंड्यांत ‘ळ’ आला की ‘ल’वर आणि ‘ण’ आला की ‘न’वर तडजोड करण्याचा प्रघात पडला. शिवाय आपल्या शब्दकोड्याच्या एका घरात मात्रेसह अख्खे अक्षर बसते, त्यामुळे रोमन लिपीत आठ घरे अडविणारे दिवेआगर मराठीत पाचांत मावते. काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा जमाखर्च शंभर सोंगट्यांत बसविणे ही सोपी गोष्ट नव्हे.

अक्षरांतून शब्द हुडकण्याचा हा उद्योग या गावास मुळीच नवा नाही. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट येथेच उपलब्ध झाला. प्राचीन ताम्रपटांत दोन शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नसे. अक्षरांची ओळ अखंड चाले, आणि कोणते अक्षर मागच्या शब्दाचे व कोणते पुढच्याचे, हे भाषेची जाण असणाऱ्याने ठरवावे लागे. चुकीच्या जागी तोडले की अर्थ हरपतो, ही ताकीद पटावरच्या सोंगट्यांसही तितकीच लागू आहे.

नातीला मी शब्द सांगितला नाही. “यूची वाट पाहू नकोस, झोळी घेऊन दारी येणारा कोण, ते आठव,” एवढेच म्हणालो. तिने क्षणभर विचार करून ‘फेअर’ची चार अक्षरे मधोमध फोडली, त्यांत क्यू बसविला आणि पटावर ‘फकीर’ उभा केला. सातांचे सतरा गुण झाले.